किल्ली कोणाची?

मासिकाच्या पानांवर ग्रंथांचीं परीक्षणें यावींत, कवींच्या गुणदोषांची चर्चा व्हावी, फार झालें तर एखाद्या दुष्ट रूढीवर कोरडे ओढले जावेत, अशी आमच्या वाचकवर्गाची अपेक्षा असते, आणि ती वावगी आहे असें कोण म्हणेल? तेव्हां मोटारसायकलच्या हरवलेल्या किल्लीवर आम्ही येथें चार पानें खर्चीं घालणार आहों हें पाहून कित्येकांच्या कपाळास आठ्या पडल्यावांचून राहणार नाहींत. परंतु समाजाची नाडी नेहमीं मोठ्या गोष्टींतच लागते असें नाहीं. मिठाएवढी स्वस्त वस्तु दुसरी कोणती? तरी त्या मिठावरील करापायीं १९३० सालीं या देशांत काय झालें तें शाळेंतलें पोरहि सांगेल. मिठाच्या पंक्तीस किल्ली बसविण्याचा अविवेक आम्ही करीत नाहीं. मात्र रोख पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर घेणाराची सत्ता किती व विकणाराची किती, हा प्रश्न ज्या ज्या ठिकाणीं उभा राहतो तें तें ठिकाण आम्हांस क्षुद्र वाटत नाहीं; आणि किल्लीच्या ठिकाणीं तो अगदीं उघडावाघडा उभा आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. वर्धा जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकीं कोणत्याहि तालुक्यांत जा. पूर्वीं दारापुढें जशी बैलगाडी असे तशी आतां मोटारसायकल असते, आणि बैलगाडीचीं बरींच कामें तिनें आपल्या अंगावर घेतलीं आहेत. पहाटेस दुधाचे कॅन, दुपारीं फवारणीचा पंप, पेरणीच्या दिवसांत बियाण्याच्या पिशव्या, शाळेच्या वेळेस दोन मुलें, आणि अपरात्रीं घरांत कोणाच्या छातींत कळ आली तर सेवाग्रामच्या इस्पितळापर्यंतचा प्रवास, हें सारें त्या दोन चाकांवर चालतें. आर्वी, आष्टी, कारंजा या बाजूच्या खेड्यांतून दिवसाची शेवटची एस.टी. निघून गेली म्हणजे मागें राहणाऱ्या मनुष्यास मोटारसायकल हाच काय तो रस्ता. शहरांतील ज्या सुशिक्षितांस ती तरुणांची चैन वाटते त्यांनीं एकदां या रस्त्यानें जाऊन यावें.

या वाहनाचा सारा कारभार बोटभर लांबीच्या एका धातूच्या पट्टीवर चालतो. पुण्यामुंबईकडे तिला किल्ली म्हणतात, विदर्भांत चाबी म्हणतात. हा दुसरा शब्द पोर्तुगीज भाषेंतून आपल्याकडे आला आणि येथें इतका रुळला कीं त्याचें मूळ आतां कोणी पुसत नाहीं. ही पट्टी हरवावयास कांहीं लागत नाहीं. उन्हाळ्यांत काळ्या रानाला ज्या हातहात खोल भेगा पडतात त्यांत ती गेली कीं गेली. आठवडी बाजाराच्या गर्दींत खिशाच्या भोकांतून निसटली कीं मिळाली नाहीं. नव्या गाडीबरोबर सामान्यतः दोन किल्ल्या मिळतात हें खरें. परंतु पहिली हरवेपर्यंत दुसरीची आठवण कोणास होत नाहीं, आणि आठवण होते तेव्हां ती नागपुरास शिकणाऱ्या मुलाच्या पेटींत तरी असते, किंवा तीहि मागेंच हरवलेली असते.

आतां या मनुष्यानें करावें काय? त्यापुढें तीन वाटा आहेत, आणि तिन्ही नीट समजून घेतल्यावांचून आमचें म्हणणें वाचकांच्या ध्यानांत यावयाचें नाहीं. पहिली वाट चाबीवाल्याची. बसस्थानकाच्या किंवा बाजाराच्या कडेला, छत्रीखालीं, कोऱ्या किल्ल्यांचीं कडीं टांगून बसलेला हा गृहस्थ सर्वांच्या परिचयाचा आहे. साध्या मोटारसायकलच्या कुलपांत धातूच्या लहान लहान पात्या बारीक स्प्रिंगांवर बसविलेल्या असतात; योग्य किल्ली आंत गेली म्हणजे त्या सर्व एका पातळींत येतात व आंतला गोल दांडा फिरतो. चाबीवाला कोरी किल्ली आंत घालून हलकासा पीळ देतो, बाहेर काढून उजेडांत धरतो, पात्यांनीं जेथें खूण उठविली तेथें कानस मारतो आणि पुन्हां आंत घालतो. असें दहा-वीस वेळां केलें म्हणजे कुलूप आपण होऊन आपली किल्ली कशी असावी तें सांगून टाकतें! यास वीज लागत नाहीं कीं परदेशी यंत्र लागत नाहीं. डोळा, बोट आणि कानस एवढ्या भांडवलावर हें शास्त्र उभें आहे. सुमारें दिवसाच्या मजुरीएवढ्या पैशांत मनुष्य आपल्या गाडीवर बसून दिवस मावळण्याच्या आंत घरीं जातो.

दुसरी वाट विक्रेत्याच्या दुकानाची. पुष्कळ गाड्यांच्या किल्लीवर, किंवा किल्लीबरोबर मिळणाऱ्या लहानशा बिल्ल्यावर, एक क्रमांक कोरलेला असतो. तो जवळ असल्यास त्यावरून नवी किल्ली मागवितां येते. परंतु गाडी घेतली त्या दिवशीं हारतुरे, नारळ व पेढे यांच्या गडबडींत तो बिल्ला कोठें पडला हें कोणास ठाऊक नसतें. आणि तो जपून ठेवा, असें बजावून सांगणारा विक्रेता विरळा. मग उत्तर ठराविक येतें, तें असें कीं ‘सगळा लॉकसेट बदलावा लागेल.’ म्हणजे गाडी चालू करण्याचें कुलूप, पेट्रोलच्या टाकीचें झाकण आणि बैठकीचें कुलूप, हीं सर्व शाबूत असतां काढून टाकावयाचीं व त्यांच्या जागीं नवीं बसवावयाचीं. बोटांतली अंगठी हरवली म्हणून बोटच बदलून घ्या असें सांगणारा वैद्य आमच्या पाहण्यांत नाहीं; परंतु या व्यवहारांत असे वैद्य गांवोगांव आहेत. शिवाय मौज अशी कीं, किल्लीवांचून हँडलचें कुलूप निघत नाहीं, म्हणून गाडी ढकलत नेतां येत नाहीं. ती टेंपोंत घालून दुकानापर्यंत न्यावी लागते, आणि त्याचें भाडें निराळें.

तिसरी वाट नवीन आहे, व आमचा खरा वाद तिच्याशीं आहे. महागड्या मोटारसायकलींच्या किल्लीच्या डोक्यांत आतां तांदळाच्या दाण्यासारखी एक चिप बसविलेली असते. कुलपाभोंवतीं तारेचें वेटोळें असतें. किल्ली जवळ येतांच त्यापासून चिपेस शक्ति मिळते व ती आपला गुप्त संकेत इंजिनाच्या नियंत्रकास कळविते. संकेत जुळला तर इंजिन चालू होतें, नाहीं तर किल्लीचा आकार हुबेहूब असूनहि गाडी दगडासारखी उभी राहते. यास इमोबिलायझर म्हणतात. कांहीं गाड्यांबरोबर लाल डोक्याची एक मूळ किल्ली मिळते. नव्या किल्ल्यांची नोंद करण्याचा अधिकार तिला एकटीला. ती लाल किल्ली हरवली तर कुलपासह इंजिनाचा नियंत्रकच बदलावा लागतो, असें त्या गाड्यांच्या माहितीपुस्तकांतच स्पष्ट छापलेलें आहे. या ठिकाणीं आमचा छत्रीखालचा कारागीर हात टेंकतो. त्याच्या डोळ्यांत व कानशींत कांहीं उणें आलेलें नसतें. जें त्यास पाहिजे तें ज्ञान कंपनीच्या तिजोरींत असतें, एवढेंच.

येथें आमचा प्रश्न उपस्थित होतो. मनुष्यानें गाडीची पूर्ण किंमत दिली, वाहनाच्या नोंदणीपुस्तकावर त्याचें नांव चढलें, कर त्यानें भरला, विमा त्यानें उतरविला, अपघात झाला तर न्यायासनापुढें तो उभा राहणार. मग त्या गाडीच्या कुलपाचें रहस्य दुसऱ्याजवळ कां? घर विकत घेणारास घराच्या किल्ल्या मिळतात; एखादी हरवल्यास तो सुताराला बोलावितो, घर बांधणाराच्या दारांत जाऊन उभा राहत नाहीं. ज्या वस्तूचें द्वार उघडण्यासाठीं पूर्वीच्या धन्याची परवानगी लागते ती वस्तु विकत घेतलेली नसून वहिवाटीस घेतलेली असते, असें आमचें मत आहे. कंपनीनें तसें स्पष्ट सांगून भाडें घ्यावें. विक्रीची किंमत घेऊं नये.

हा प्रश्न वर्ध्याच्या भूमीवर उभें राहून विचारावा यांत विशेष औचित्य आहे. जमनालाल बजाज वर्ध्याचे. त्यांच्या नांवानें ओळखला जाणारा उद्योगसमूह आपला आरंभ १९२६ सालापासून धरतो. ते १९४२ सालीं वारल्यावर तीन वर्षांनीं जी व्यापारी कंपनी निघाली तिनें १९४८ पासून परदेशांतील दुचाक्या-तिचाक्या आणून विकल्या, आणि तीच पुढें बजाज ऑटो या नांवानें देशांतील अग्रगण्य कंपन्यांत जाऊन बसली. त्याच जमनालालांनीं वर्ध्यांतील आपली जागा ग्रामोद्योगाच्या कार्यास दिली. १९३४ च्या अखेरीस स्थापन झालेला अखिल भारत ग्रामोद्योग संघ तेथें मगनवाडींत नांदला, आणि १९३८ च्या डिसेंबरांत गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय तेथेंच उघडलें गेलें. मोटारसायकलची वाट आणि खेड्यांतील कारागिराची वाट या दोन्ही अशा एकाच ओसरीवरून निघाल्या. या किंवा दुसऱ्या कोणत्या एका कंपनीच्या माथीं दोष मारावा म्हणून आम्ही हें सांगत नाहीं, कारण प्रस्तुत रीत साऱ्या व्यापाराचीच होऊं लागली आहे. परंतु ओसरी एक होती, मग वाटांनीं एकमेकींस इतकें विसरावें कां, हें विचारण्याचा हक्क वर्धेकरांस इतरांहून अधिक आहे.

गांधीजी यंत्राचे वैरी होते, असें एक सोयीस्कर मत आपल्यांतील सुशिक्षितांनीं करून घेतलें आहे. सोयीस्कर अशासाठीं कीं, तसें म्हटलें म्हणजे त्यांच्या यंत्रविचाराचा अभ्यास करण्याची तसदी वांचते. वास्तविक १९२४ सालीं झालेल्या एका प्रसिद्ध संभाषणांत त्यांनीं शिवणयंत्राचा मोठ्या गौरवानें अपवाद केला होता. पुढें १९२९ सालीं सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लक्ष रुपयांचें बक्षीस जाहीर झालें, त्याच्या अटी आमच्या यंत्रशास्त्रज्ञांनीं आजहि डोळ्यांपुढें ठेवाव्यात अशा आहेत. यंत्र दीडशें रुपयांहून महाग असूं नये, खेड्यांतील झोंपडींत चालावें, एका बाईस आठ तास फारसे श्रम न होतां चालवितां यावें, वेळच्या वेळीं निगा राखिल्यास वीस वर्षें टिकावें, आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किंमतीच्या शेंकडा पांचांवर जाऊं नये! यंत्र किती काम करतें एवढेंच न पाहतां, बिघडल्यावर तें मालकास किती नाडतें, याचाहि हिशेब त्या अटींत आरंभींच मांडलेला होता. आज मोटारसायकलीची जाहिरात वाचा. ती किती पळते, किती पेट्रोल पिते, हें मोठ्या अक्षरांत असतें. किल्ली हरवल्यास काय पडेल, हें बारीक अक्षरांतहि नसतें.

मगनवाडींत बसून जे. सी. कुमारप्पा यांनीं जें अर्थशास्त्र मांडलें त्याचा एक धागा हाच आहे. उत्पादन एका ठिकाणीं गोळा झालें कीं त्याबरोबर सत्ताहि गोळा होते, आणि वस्तु वापरणारा मनुष्य हळुहळू परावलंबी होतो, हें त्यांनीं परोपरीनें दाखविलें. त्यांच्या काळीं हें परावलंबन वस्तु घेतांना भोगावें लागे. आतां तें वस्तु घेतल्यानंतरहि सुटत नाहीं. किल्लीच्या रूपानें तें विकत घेणाराच्या खिशांत जाऊन बसतें.

आतां पूर्वपक्ष ऐकूं. पहिला व सर्वांत वजनदार आक्षेप चोरीचा. ‘किल्लीचें रहस्य वाटेल त्याच्या हातीं दिलें तर चोरांचें फावेल,’ असें कंपन्या म्हणतात आणि पुष्कळ शहाणे लोक माना डोलवितात. इमोबिलायझरनें चोरीस आळा बसतो हें आम्हांस मान्य आहे. चिप काढून टाका असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु रहस्य लपविल्यानें कुलूप भक्कम होतें हा समज फार जुना असून तितकाच खोटा आहे. लंडनच्या ब्रामा नामक कुलूपकाराच्या पेढीनें एक कुलूप आपल्या खिडकींत टांगून, तें उघडणारास दोनशें गिन्या देऊं असें आव्हान दिलें होतें. तें कित्येक दशकें अजिंक्य राहिलें, आणि १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळीं हॉब्ज नांवाच्या अमेरिकन कारागिरानें सुमारें पन्नास तास खपून तें उघडून दाखविलें. त्या वेळींहि अशीच ओरड झाली कीं, या गोष्टी बोलूं नयेत, चोर शिकतील. त्यावर कुलूपकारांनींच दिलेलें उत्तर आजहि तितकेंच लागू आहे, तें हें कीं चोर आपल्या धंद्यांत तुमच्याआधीं शिकलेले असतात. अज्ञानांत राहतो तो प्रामाणिक गिऱ्हाईक. पुढें १८८३ सालीं केर्कहॉफ्स या पंडितानें लष्करी गुप्तलेखनाविषयीं असाच सिद्धान्त मांडला कीं, यंत्रणेची रचना शत्रूस कळली तरी बिघडूं नये; गुप्त असावयाची ती एकटी किल्ली. आमच्या कंपन्यांनीं हा सिद्धान्त उलटा टांगला आहे. त्यांनीं किल्लीचा धनी सोडून सर्व गुप्त आपल्याकडे ठेविलें!

शिवाय व्यवहार पाहा. चोर रांगेंत उभा राहून नोंदणीपुस्तक दाखवीत नाहीं. त्यास गाडी न्यावयाची झाली तर तो कुलूप फोडतो किंवा ती उचलून टेंपोंत टाकतो. विक्रेत्याच्या दाराशीं तीन खेपा घालतो तो मालक. ज्या बंदोबस्तानें चोराचा एक तास जातो आणि मालकाचे चार दिवस जातात, त्यास बंदोबस्त म्हणावें कीं दंड, याचा निर्णय वाचकांनींच करावा.

दुसरा आक्षेप चाबीवाल्याच्या सचोटीवर येतो. रस्त्यावरचा अनोळखी मनुष्य, त्यास कुलपें उघडतां येतात, तेव्हां त्याचा भरंवसा काय? हा आक्षेप ऐकला म्हणजे आम्हांस या देशाच्या इतिहासांतील एक काळें पान आठवतें. भटक्या कारागिरांच्या व कष्टकऱ्यांच्या कित्येक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविणारा कायदा येथें १८७१ सालीं झाला, व तो रद्द व्हावयास स्वातंत्र्यानंतरचें १९५२ साल उजाडावें लागलें. कायदा गेला, संशय मात्र आमच्या दिवाणखान्यांत अजून लोडाशीं टेंकून बसला आहे. ज्याला कुलूप उघडतां येतें तो चोर, तर ज्याला सुरी चालवितां येते तो शस्त्रवैद्य काय म्हणावा? भरंवसा नको असें आम्हीहि म्हणत नाहीं. भरंवशाची व्यवस्था करा एवढेंच आमचें म्हणणें. अमेरिकेंत मोटारींच्या किल्ल्यांचे संकेत व इमोबिलायझरची माहिती नोंदणी झालेल्या कुलूपकारांस, ओळख पटवून व प्रत्येक वेळेची नोंद ठेवून, दिली जाते. म्हणजे कारागिरावर विश्वास आणि मालकाचें रक्षण या दोन गोष्टी एकत्र नांदूं शकतात.

तिसरा आक्षेप नीतीचा वेष घेऊन येतो. ‘किल्ली सांभाळतां येत नाहीं त्यानें भुर्दंड सोसावा; निष्काळजीपणास शिक्षा नको काय?’ शिक्षा असावी. पण ती अपराधाच्या मानानें असावी, आणि शिक्षेचा पैसा शिक्षा देणाराच्या गल्ल्यांत पडूं नये, एवढा न्याय तर गांवच्या पंचायतींतहि कळतो. हरवलेल्या किल्लीबद्दल किल्लीची किंमत घ्या. शाबूत कुलपांची व शाबूत नियंत्रकाची किंमत कां? याहून कठीण प्रसंग विम्याचा. गाडी चोरीस गेली म्हणजे विमा कंपन्या दाव्याच्या वेळीं दोन्ही मूळ किल्ल्या मागतात. एक नसेल तर गाडींतच किल्ली राहिली असली पाहिजे, असा तर्क करून दावा अडवून धरल्याचीं उदाहरणें ग्राहक न्यायासनांपुढें आलेलीं आहेत. म्हणजे दोन वर्षांपूर्वीं शेताच्या भेगेंत गेलेली एक पट्टी आज साऱ्या गाडीची किंमत गिळूं पाहते. एवढी शिक्षा ज्या निष्काळजीपणास ठेविली आहे त्याची पूर्वसूचना गाडी विकतांना कोणी ठळकपणें देतो काय?

चौथा आक्षेप प्रगतीचा. ‘आतां किल्लीच जाणार, बटण दाबतांच गाडी सुरू होणार, मग कसली चर्चा करतां?’ खरें आहे. २०२३ च्या जानेवारींत होंडा कंपनीनें आपल्या ॲक्टिव्हा स्कूटरचा एक प्रकार अशाच खिशांत ठेवावयाच्या किल्लीचा काढला. परंतु किल्ली अदृश्य झाली म्हणून किल्लीचा प्रश्न अदृश्य होत नाहीं; खिशांतील ती डबीहि हरवतेच, आणि तिच्या जागीं नवी करणें पितळेच्या पट्टीहून अवघड आहे. प्रगतीस आमचा विरोध नाहीं. बैलगाडीकडे परत चला असें आम्ही कोणास सांगत नाहीं. आम्ही इतकेंच म्हणतों कीं, जी सुधारणा मालकास कालच्यापेक्षां अधिक लाचार करते तिला सुधारणा म्हणण्यापूर्वीं क्षणभर थांबावें.

आणि या वादांत आम्ही एकटे आहों असेंहि नाहीं. २५ ऑगस्ट २०१४ रोजीं भारताच्या स्पर्धा आयोगानें चौदा मोटार कंपन्यांस सुमारें २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, दोष शोधण्याचीं साधनें व दुरुस्तीची माहिती बाहेरच्या कारागिरांस मिळूं न देणें, हा त्यांच्यावरील ठपका होता. तेव्हांहि कंपन्यांनीं सुरक्षिततेची ढाल पुढें केली होती, व आयोगास ती पटली नाहीं. पुढें अपिलें झालीं आणि प्रकरण वरच्या न्यायासनांकडे गेलें, शिवाय तो निर्णय चारचाकी मोटारींचा होता. पण तत्त्व दोन चाकांस लागू पडूं नये असें त्यांत कांहीं नाहीं. २०२२ च्या जुलैंत केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिति नेमली. शेतीचीं अवजारें, मोबाईल, घरगुती उपकरणें व वाहनें हीं चार क्षेत्रें तिच्यापुढें ठेविलीं. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत या कामासाठीं एक संकेतस्थळ उघडलें. स्तुत्य आहे. परंतु संकेतस्थळावर माहिती ठेवा अशी कंपन्यांस विनंति करणें निराळें, व ती द्यावयास त्यांस कायद्यानें बांधणें निराळें. हक्क हा विनंतीनें मिळाला तर त्यास कृपा म्हणतात.

मग आमची मागणी काय, हें स्पष्ट सांगणें प्राप्त आहे. गाडी विकतांना किल्लीचा क्रमांक बिलावर लिहून मालकास द्यावा, आणि नोंदणीपुस्तक व ओळखपत्र दाखवितांच त्या क्रमांकावरून नवी किल्ली माफक व आगाऊ जाहीर केलेल्या किंमतींत मिळावी. एक कुलूप बदलून भागत असेल तेथें सबंध संच माथीं मारूं नये. ज्या गाडींत चिप आहे तिच्या सर्व किल्ल्या हरवल्या तरी नियंत्रक न बदलतां नव्या किल्लीची नोंद करण्याची सोय रचनेंतच असावी, आणि ती सोय नोंदणी झालेल्या कारागिरासहि खुली असावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून हें काम शिकवावें. नगरपालिकांनीं चाबीवाल्यास ओळखपत्र द्यावें व त्यानें प्रत्येक गाडीचा क्रमांक वहींत टिपावा. शेवटीं, पोलिसांकडील हरवल्याची नोंद आणि नवी किल्ली केल्याची पावती ही विमा कंपन्यांनीं हरवलेल्या किल्लीच्या जागीं पुरावा म्हणून स्वीकारावी. यांतील एकहि गोष्ट अशक्य नाहीं, व एकीनेंहि चोराचा फायदा होत नाहीं.

सरकार व कंपन्या जागे होईपर्यंत वाचकांनींहि स्वस्थ बसावें असें नाहीं. घरांत गाडी असेल तर किल्लीचा क्रमांक आजच वहींत लिहून ठेवावा. दुसरी किल्ली पहिलीच्या जुडग्यांत न ठेवितां घरांतील पेटींत ठेवावी. किल्ली हरवल्यास त्याच दिवशीं पोलिसांत नोंद करून पावती जपावी. आणि कोणी ‘सगळें बदला’ म्हणाला तर ‘कां?’ असें विचारावें, व उत्तर लेखी मागावें. आमचा मध्यमवर्ग पुस्तकाच्या किंमतींत दोन रुपये वाढले तर प्रकाशकास खरमरीत पत्र लिहितो, आणि दुकानदारानें पांच हजारांचें बिल पुढें केलें तर ‘कंपनीचा नियम’ एवढ्या दोन शब्दांनीं गप्प बसतो. नियम कोणीं केला, कोणासाठीं केला, हें तो विचारीत नाहीं. या गप्प बसण्यावरच तो नियम उभा आहे.

छत्रीखालचा चाबीवाला आणखी किती वर्षें टिकेल हें कंपन्यांच्या रचनाकारांच्या हातीं आहे. तो नाहींसा झाला तर एक जुना धंदा बुडाला म्हणून हळहळणारे लेख मासिकांतून येतील, व ते आपण चहाबरोबर वाचूं. आमची विनंति आहे कीं ती हळहळ थोडी आधीं करावी, आणि ती कारागिरापुरती ठेवूं नये. त्याच्या कानशीबरोबर जें जाणार आहे तें आपलें आहे. आपल्या वस्तूचें कुलूप आपल्या गांवांत, आपल्या माणसाकडून, आपल्या परवानगीनें उघडून घेण्याचा अधिकार एकदां हातचा गेला, तर त्याची दुसरी किल्ली कोणत्याहि दुकानांत मिळणार नाहीं.